डब्याचं पांढरं छत

११ जानेवारी

भिंगरी,

फोन तू कापतेस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी नजर टाकतंच, आणि माझी लेक किती चौकस आहे ते मला तिच्या जन्मापासून ठाऊक आहे. तेव्हा वाच.

अक्षर वेडंवाकडं आलंय ते रागाने नाही. गाडी चालू आहे. मी तुझ्या बाबांच्या ट्रकमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन लिहिते आहे. हो, मीच. मामाकडे जायचं म्हटलं तरी बस लागेल म्हणून आदल्या दिवसापासून न जेवणारी तुझी आई. पण इतक्या उंचावर बसलं की काही म्हणता काही लागत नाही. खालची माणसं स्कूटरवरून जाताना त्यांची टकलं दिसतात. एवढ्या टकलांचा मला आजवर पत्ता नव्हता.

घराला कुलूप घातलं. किल्ली शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे दिली आहे, त्या कुंड्यांना पाणी घालतील. का घातलं ते विचारू नकोस. विचारणार नाहीसच म्हणा. तुला मुलगी झाली हे मला तुझ्या मावशीच्या फोनवरून कळलं, त्या दिवसानंतर मला त्या घरात ताट एकटीसाठी वाढून घेता येईना. एवढंच कारण आहे, मोठं काही नाही. तुझे बाबा नेहमीसारखे दोन दिवस येऊन निघाले तेव्हा मी पिशवी भरून गाडीपाशी उभी राहिले. ते म्हणाले, "अगं, कुठे?" मी म्हटलं, "तुम्ही जाल तिथे." ते वर चढले आणि डावीकडचं दार आतून उघडून दिलं.

तर आता मी इथे. मागे झोपायची फळी आहे, तिला पडदा आहे, पडद्याला मी नवी दोरी लावली. सगळं छान आहे. खूप नवीन नवीन बघायला मिळतं. माझी काळजी करू नकोस.

उत्तर कुठे पाठवायचं ते लिहिते. दर फेरीला आम्ही टायरवाल्या काकांच्या दुकानावर थांबतो. मोठ्या पुलाच्या अलीकडे, जुन्या रस्त्यावर, हवा भरायचं दुकान. तुझ्या सासरहून बसने तासाभराचं अंतर. काका म्हातारे आहेत आणि विश्वासाचे आहेत. त्यांच्या नावावर टाक, ते ठेवतील.

बाळाचं नाव काय ठेवलंत ते मावशीने सांगितलं नाही. तिला कळत नव्हतं, सांगावं की नाही.

आई


२ फेब्रुवारी

भिंगरी,

काका म्हणाले, काही आलेलं नाही. मी म्हटलं, पोस्टाचं हल्ली काही खरं नाही. त्यांनी मान हलवली. शहाणा माणूस आहे.

मी आता कामाची बाई झाले आहे, सांगते तुला. गाडी थांबली की तुझे बाबा दांडका घेऊन उतरतात आणि एकेक टायर वाजवून बघतात. हवा पुरेशी असेल तर आवाज टणक येतो, कमी असेल तर भदभद. मागच्या जोडचाकांतलं आतल्या बाजूचं चाक फसवतं. बाहेरचं चांगलं असतं म्हणून गाडी चालत राहते, आणि आतलं बसलेलं कोणाला दिसत नाही. ते शोधायचं तर वाकून, हात आत घालून वाजवावं लागतं. तुझ्या बाबांची कंबर आता वाकायला कुरकुरते, म्हणून आतली चाकं माझ्याकडे. परवा मी एक भदभद शोधलं. काकांनी चाक काढलं तर आत खिळा. काका तुझ्या बाबांना म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं एकटे कसे फिरलात हो?" बाबा म्हणाले, "फिरलो कसाबसा." मी लगेच चहा मागवला, नाहीतर तिघेही जमिनीकडे बघत बसलो असतो.

गाडीला मागे थंड डबा आहे, तो तुला लहानपणापासून माहीत. त्यात कधी औषधं, कधी मासळी, कधी फळं. पण तो बंद ठेवता येत नाही, सारखा घरघरतो, हे मला आता कळलं. थांबायचं कुठे आणि किती, तेही आपल्या हातात नाही. गाडीत यंत्र बसवलं आहे. मालकाला ऑफिसात बसून दिसतं की गाडी कुठे उभी आहे. ठरलेल्या थांब्याशिवाय उभी राहिली की दहाव्या मिनिटाला फोन. "काय झालं? माल ठीक आहे ना?" मालाची तब्येत विचारतात हो, अगदी काळजीने. माणसाची नाही. हवा बघायला थांबणं मात्र चालतं, म्हणून काकांचं दुकान.

काकांच्या दुकानासमोर मोठाले खांब उभे राहिलेत. वरून नवा रस्ता जाणार आहे. काका म्हणतात, तो झाला की मोठ्या गाड्यांना खाली उतरू देणार नाहीत, आणि मग आपण बसू सायकलींना हवा भरत.

परवा आपल्या घरामागच्या रस्त्यावरून गेलो. बाबांनी हॉर्न दिला, तोच, एक लांब आणि दोन आखूड. मी काचेला नाक लावून बसले होते, आपली गच्ची बघायला. त्याबद्दल नंतर लिहीन.

आई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

आज गाडी माल उतरवायच्या रांगेत उभी आहे. पुढे इतक्या गाड्या की टोक दिसत नाही. तुझे बाबा फळीवर झोपलेत. अक्षर बरं आलंय बघ.

मागच्या पत्रांत मी लिहिलं, सगळं छान आहे. छान आहे ते आहेच. पण तुला सांगायला हरकत नाही, तू कुठे कोणाला सांगणार आहेस. भिंगरी, मला वाटलं होतं, घरात बोलायला कोणी नाही, गाडीत निदान नवरा आहे. आणि नवरा आहे. पण आम्ही दोघं दिवसभर समोर बघतो. घरात माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात. इथे दोन्ही तोंडं रस्त्याकडे. मी काही बोलले तर ते "हं" म्हणतात. तो "हं" माझ्यासाठी आहे की समोरच्या गाडीसाठी, ते कळत नाही. पहिल्या दिवसांत मला राग यायचा. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "मी विचार करतेय, डोक्याचं मुंडण करून टाकावं." ते म्हणाले, "हं. बघ तुला बरं वाटेल तसं."

त्यांना बोलायची सवय राहिलेली नाही. एवढी वर्षं त्या केबिनमध्ये कोणी नव्हतं. ते स्वतःशीही बोलत नसत, मी विचारलं. मी म्हटलं, "मग काय करायचात दिवसभर?" ते म्हणाले, "गाडी चालवायचो."

एक मात्र लिहिते. थांब्यांवर बायकांसाठी सोय नसते. कुठेच नसते. बायका ट्रकमध्ये असतील हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही. तर मी जाते तिथे, पुरुषांच्या त्या घाणेरड्या जागेत, आणि तुझे बाबा दाराबाहेर पाठ करून उभे राहतात, हाताची घडी घालून. कोणी आलं की म्हणतात, "थांबा, बाई आहे आत." एकदा एक दांडगा ड्रायव्हर हसला. बाबांनी काही केलं नाही, नुसतं बघितलं. तो गेला. मी बाहेर आले तर ते म्हणाले, "पाय जपून, पाणी आहे." एवढंच बोलतात, पण जपून बोलतात.

तू म्हणशील, पुन्हा त्यांची बाजू घेतलीस. नाही घेत. तुझ्या लग्नाच्या दिवशी मीही तिथे उभी होते. रजा मिळालेली होती, बदलीचा ड्रायव्हर आलाच नाही, हे तुला मी तेव्हा सांगितलं आणि तुला ते ऐकायचं नव्हतं. सगळे पाहुणे अंगणात, तू नव्या कपड्यांत, आणि घरामागून तो हॉर्न. एक लांब, दोन आखूड. तुझ्या चुलतभावाने विनोद केला, "झाले बघा, वडील हजर." सगळे हसले. तू नाही हसलीस. जाताना मला म्हणालीस, "मला बाप हवा होता, हॉर्न नको होता." हे वाक्य मी त्यांना सांगितलेलं नाही. मी पोटात घेऊन फिरते आहे.

रांग हलली. उठवते त्यांना.

आई


८ मार्च

भिंगरी,

काका मला लांबूनच बघतात आणि मान हलवतात. आता मी विचारतही नाही. त्यांच्या बाकावर बसते, चहा पिते, निघते.

गच्चीबद्दल लिहायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, हात धजत नव्हता.

तू लहान होतीस तेव्हा त्यांचा फोन यायचा, दुपारी घरामागून जाईन म्हणून. मी तुझं तोंड धुऊन, केस विंचरून, तुला तो लाल फ्रॉक घालायची, लांबून दिसावा म्हणून. आपण गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहायचो. रस्ता तिथे टेकडी कापून खोल नेलाय, म्हणून आपल्याला चाकं दिसायची नाहीत, माणूस दिसायचा नाही. डब्याचं पांढरं छत तेवढं सरकत जायचं. हॉर्न वाजला की तू दोन्ही हात हलवायचीस, इतके की मला तुझी कंबर धरावी लागायची. रात्री त्यांचा फोन आला की तुझा पहिला प्रश्न, "दिसले का मी?" आणि ते म्हणायचे, "दिसलीस की. लाल फ्रॉक घातला होतास." तू घरभर भिरभिरायचीस. तुझं नावच त्यावरून पडलं.

मी त्या दिवशी केबिनमधून बघितलं. भिंगरी, गच्ची दिसत नाही. दोन्ही बाजूंना दगडाची उंच भिंत आहे, तिच्यावर झुडपं, आणि वर आभाळ. आपली गच्ची तर सोड, आपल्या गल्लीतल्या एकाही घराचं टोक दिसत नाही. मला वाटलं, मी चुकीच्या बाजूला बघतेय. मान मोडेस्तोवर वळवली. तेवढ्यात भिंत संपली आणि गावही मागे पडलं.

पुढच्या फेरीला पुन्हा बघितलं. त्याच्या पुढच्या फेरीला मी म्हटलं, "अहो, इथून तर काहीच दिसत नाही." ते गाडी चालवत राहिले. मला वाटलं, आता "हं" येणार. भिंत संपल्यावर म्हणाले, "नाही दिसत."

"मग लाल फ्रॉक?"

"तूच सांगायचीस ना फोनवर. तिला लाल घालते म्हणून."

"आणि हात हलवलेला?"

"हलवत असणार, हे माहीत होतं मला."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी संताप आला. मी पण फसले होते, तुझ्याइतकीच. उन्हातान्हात तुला वर घेऊन जायची, मी स्वतः पदर सावरून, केस नीट करून उभी राहायची. नवरा बघतोय म्हणून. आणि तिकडे तो माणूस दगडाच्या भिंतीला हॉर्न देत होता. मग मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते रस्त्यावरचा पांढरा पट्टा डोळ्यांत साठवत समोर बघत होते. माझ्या मनात आलं, आपण निदान दोघी होतो गच्चीवर. निदान छत दिसायचं आपल्याला. त्यांना काय दिसायचं? मी रडले, त्यांना न कळता. केबिनमध्ये रडणं सोपं आहे, कोणी तुमच्याकडे बघत नसतं.

तुला हे सांगू नये असं ते म्हणाले. "आता कशाला? तिला वाटू दे की दिसायची." पण तू आता आई आहेस. तुला खरं कळायला हवं. दिसायची नाहीस तू, भिंगरी. एकदाही नाही. तरी एकही फेरी त्यांनी हॉर्न चुकवला नाही.

आई


२१ मार्च

भिंगरी,

आज थोडकं लिहिते, महत्त्वाचं आहे.

काका म्हणाले, वरचा रस्ता महिनाअखेरीला सुरू होतोय. मग आमची गाडी त्यांच्या दुकानावर थांबायची नाही. दुसरा थांबा कुठे मिळेल, मालक ठरवेल, तो तुझ्यापासून किती लांब असेल देव जाणे. म्हणून सांगते. येत्या रविवारी दुपारी आम्ही काकांकडे असू. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, जास्त नाही. तू ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसती बाळाला घेऊन बाकावर बस. मी लांबून बघेन. त्यांना जवळ यायचं नाही म्हणून मी बजावेन.

मी त्यांना सांगितलं, मी तिला बोलावलंय. "हं" म्हणाले. मग पुढच्या गावात ठरलेला थांबा होता, तिथे उतरले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला वाटलं, डिझेलच्या पावतीवरून भांडण लागलं. तर आले काखेत पिशवी घेऊन. फ्रॉक आणला होता. लाल. मी उघडून बघितला आणि हसावं की रडावं कळेना. चार-पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक! मी म्हटलं, "अहो, बाळ वर्षाचं नाही अजून." म्हणाले, "दुकानदाराने विचारलं, केवढी आहे? मी हाताने दाखवलं." आणि मलाही दाखवलं, हात कमरेच्या जरा खाली धरून. ते माप तुझं होतं, भिंगरी. गच्चीवरचं.

फ्रॉक बदलायला परत जाणं शक्य नव्हतं, यंत्र बसलंय ना डोक्यावर. मी घडी घालून माझ्या उशीखाली ठेवला. मोठी झाली की घालेल.

त्यांनी दाढी केली आहे. रविवार अजून लांब आहे, पुन्हा वाढेल. सांगितलं नाही मी.

ये.

आई


३० मार्च

भिंगरी,

रविवारी काय झालं ते तुला खालून माहीत आहे. वरून काय झालं ते मी सांगते.

आम्ही सकाळपासून गाडी अशी हाकली की जेवायलाही थांबलो नाही, तो वेळ काकांकडे वापरता यावा म्हणून. माझ्या मांडीवर फ्रॉकची पिशवी. पुलाच्या अलीकडे फाटा आला आणि समोर पोलीस. हाताने सगळ्या मोठ्या गाड्या वर वळवत होता. खालच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी अडथळा लावलेला. नवा रस्ता त्याच सकाळी सुरू केला होता. महिनाअखेर व्हायची वाटही बघितली नाही मेल्यांनी. तुझ्या बाबांनी काच खाली केली, म्हणाले, "साहेब, खाली दुकानात जायचंय, हवा बघायची आहे." तो म्हणाला, "हवा पुढे बघा, चला चला." मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना गाडी चालू असताना रस्त्यावरून नजर काढताना पाहिलं. आणि मग गाडी वर चढली.

मी म्हणत होते, थांबा, थांबवा, मी उतरते. वर थांबायला जागा नाही, दोन्ही बाजूंना कठडा, केबिनच्या काचेइतका उंच, पलीकडचं काही दिसत नाही. नवा, पांढरा, चकचकीत. काकांचं दुकान नेमकं कुठे खाली आहे तेही कळेना. खांबांची आठवण ठेवून मी म्हटलं, "इथेच असेल." त्यांनी हॉर्न दिला. एक लांब, दोन आखूड. मग पुन्हा. मग त्यांनी हात काढलाच नाही. उतार संपेपर्यंत तो हॉर्न वाजत होता. पुढच्या गाडीवाल्याने हात बाहेर काढून शिवी दिली. मी कान झाकले नाहीत. खाली आल्यावरही मागच्या गाड्यांनी उभं राहू दिलं नाही.

तू आली होतीस की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. काका फोन बाळगत नाहीत, म्हणून पुढचे सगळे दिवस माहीत नव्हतं. तो माल पोहोचवला, दुसरा भरला. बाबा जेवताना मध्येच हात थांबवून बसायचे. मी म्हणायची, "नसेलच आली." ते म्हणायचे, "नसेल." आणि दोघांनाही ते बरं वाटत नव्हतं.

परतीला वरूनच यावं लागलं. उतार संपतो तिथे हवा बघायला म्हणून गाडी थांबवली, मी उतरले आणि एका दूधवाल्याच्या टेम्पोत बसून मागे काकांकडे आले. काकांनी मला लांबून बघितलं. या वेळी मान हलवली नाही. उठून उभे राहिले.

म्हणाले, "आली होती. सकाळपासून बसून होती. बाळ गोड आहे, माझा पाना तोंडात घालत होतं." मी बाकावर बसले. ते म्हणाले, "वरून हॉर्न वाजला तशी ती बाळाला घेऊन रस्त्यावर धावली. वर बघून हात हलवायला लागली. स्वतःचा, मग बाळाचा हात धरून. मी म्हटलं, बाई, त्यांना दिसायचं नाही, कठडा आहे. तर म्हणाली, माहीत आहे. कधीच दिसायचं नाही."

म्हणजे माझी पत्रं तू वाचतेस.

मी विचारलं, "काही निरोप?" काका म्हणाले, "जाताना एवढंच म्हणाली. सांगा त्यांना, हॉर्न ऐकू आला."

मी टेम्पोने परत गाडीपाशी गेले. बाबा दांडका घेऊन टायर वाजवत होते, वाजवून झालेलेच पुन्हा. मी सगळं सांगितलं, शब्द न गाळता. तू लग्नात बोललेलं वाक्यही सांगून टाकलं, आता ते पोटात ठेवायची गरज वाटली नाही. ते ऐकत होते. मी म्हटलं, "तिला पत्र लिहिते आज. काय लिहू तुमच्याकडून?"

ते म्हणाले, "लिही, दिस..." आणि थांबले. चाकावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "नाही. नाही दिसली म्हणून लिही. फार बघितलं, पण नाही दिसली."

तसंच लिहिलं आहे.

आई


६ एप्रिल

भिंगरी,

मी गाडीतून उतरले आहे. भांडून नाही. काकांची बायको, आपण तिला काकी म्हणू, दिवसभर एकटीच असते दुकानामागच्या खोलीत. तिने मला एक खाट दिली. वर रस्ता झाल्यापासून काकांकडे गिऱ्हाईक नाही, सायकली येतात. आतली चाकं वाजवायची वेळ आता यायची नाही, म्हणून मी पंक्चरच्या पाण्याची घमेली घासते आणि चहा करते. माझ्या चहाला काकी नावं ठेवते.

उतरताना तुझे बाबा म्हणाले, "औषधाच्या गोळ्या घेतल्यास?" घेतल्या म्हटलं. "पाय जपून." मग दार लावलं. माझी उशी मी सीटवरच ठेवली, त्यांनी ती उचलून मागे टाकली नाही, पट्टा लावून बसवली. आता ते पुन्हा एकटे आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. मी त्यांना म्हटलं, गाडी चालवताना अधूनमधून बोलत जा, उशीशी बोललात तरी चालेल. ते म्हणाले, "हं."

आज दुपारी ते वरून गेले. मी बाकावर होते. हॉर्न आला, तसा मी चहाचा कप ठेवला आणि रस्त्यावर गेले. खालून बघितलं तर कठड्यावरून डब्याच्या छताची पांढरी कड तेवढी सरकताना दिसते, जसं गच्चीवरून छत दिसायचं. गाडी फार पटकन जाते गं. वर बसलं की वाटतं, हळूहळू चाललोय. खालून कळतं, ती जरासुद्धा थांबत नाही. तू लहानपणी हे किती वेळा बघितलं असशील. मी तुझी कंबर धरण्यात गुंतलेली असायचे, मला कधी नीट दिसलंच नाही.

तरी मी हात हलवला. दोन्ही. काकी हसली, म्हणाली, "वेड लागलंय का बाई?" मी म्हटलं, "आमच्या घरचं वेड आहे."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "हॉर्न ऐकू आला." पलीकडे डबा घरघरत होता, त्यांनी फोन ठेवला नाही.

पत्र तुला दोन-तीन दिवसांत मिळेल. तुझ्या सोयीने ये, सकाळी ये, दुपारी ये, न सांगता ये. चहापुरतं थांबायचं नाहीये आता, वेळ कोणी मोजत नाही इथे. फ्रॉक माझ्या खाटेखाली आहे. बाळाचं नाव तू आलीस की सांग, मी कोणाकडून विचारून घेणार नाही.

आणि हे अक्षर बघ. सरळ आलंय, ओळीत. हलत नाहीये.

आई